दोनचा आकडा

हुरड्याचे दिवस आले की लोकांना गूळ आठवतो, शेंगदाण्याची चटणी आठवते, गोवऱ्यांच्या धगीत खुपसलेली कणसं आठवतात. मला निवडणूक आठवते. आता ह्याला काय करावं! चौसाळ्याच्या शिवारात ज्वारीचा दाणा दुधावर आला, हायवेवरचे ट्रक सकाळी उशिरापर्यंत दिवे लावून जायला लागले, की मी मनातल्या मनात मतं मोजायला लागते. हातावर चोळलेल्या कोवळ्या दाण्यांचा वास आला की पुन्हा पहिल्यापासून मोजते. तीसेक वर्षं झाली, पण बेरीज काही बदलत नाही.

यंदा तर निमित्तही आयतंच मिळालं. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक नेमकी हुरड्यात आली. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण यादीत नाव अजून आहे, त्यामुळे फोन सारखा टुणटुणतोय. सकाळी एक मेसेज आला: ‘फक्त १ लिहा. बाकी सगळं कोरं ठेवा.’ मी तो दुकानात जाऊन ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा वर करून वाचला, फोन परत दिला आणि मापटं उचलून गिऱ्हाइकाची तूरडाळ मोजायला लागले. मी गणिताची शिक्षिका. आमच्या विषयात असल्याला उत्तर म्हणत नाहीत, पण आमच्या घरात म्हणतात.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. विधान परिषदेवर आमच्या विभागातून शिक्षकांचा एक आमदार जातो आणि त्याला शिक्षकच निवडतात. तिथे शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे आकडे लिहायचे असतात: सगळ्यात आवडता त्याला एक, तो नसेल तर दोन, तोही नसेल तर तीन. निम्म्यापेक्षा जास्त मतं कोणालाच मिळाली नाहीत, तर सगळ्यात खालच्याला बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिकांवर दोन कोणापुढे आहे ते बघून त्या त्याच्याकडे देतात. असं करत करत वर जातात. इतकं सोपं आहे. आठवीच्या पोराला मी एका तासात शिकवीन. शिक्षकांना शिकवणं मात्र मला जमलं नाही.

तो काळच मोठा अजब होता. गावात घरांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, आमच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, आणि जिकडे बघावं तिकडे शाळा निघत होत्या. सरकार म्हणायचं, शाळा काढा, पण अनुदान मागू नका. ज्याच्याकडे चार पत्र्याच्या खोल्या तो संस्थाचालक झाला. अशाच एका शाळेत, चौसाळ्याहून सायकलीने जाता येईल अशा खेड्यात, हे मराठी शिकवत. वैजनाथ सर. घर वाण्याचं, भर बाजारात किराणा दुकान, सासरे म्हणत, गादीवर बस. पण ह्यांना फळा हवा होता. पगार जवळजवळ नव्हताच. आज ना उद्या अनुदान येईल, मान्यता येईल, ह्या आशेवर सगळे शिकवत. मान्यता म्हणजे हा माणूस इथे शिक्षक आहे असं शिक्षण खात्याने लेखी म्हणणं. ते होईपर्यंत शिकवायचं खरं, पण शिक्षक नसायचं. मतदार यादीला मात्र मुख्याध्यापकांचा शिकवल्याचा दाखला चाले, त्यामुळे मत तेवढं होतं. मान्यतेचे प्रस्ताव संस्थाचालकाच्या कपाटात. संस्थाचालक आबासाहेब. आणि त्या हिवाळ्यात आबासाहेब निवडणुकीला उभे राहिले.

मला ह्यांचं शिकवणं एकदाच ऐकायला मिळालं. त्यांचा डबा घरी राहिला आणि माझ्या अनुदानित शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी घेऊन गेले होते. पत्र्याच्या खोलीत चाळीस-पन्नास पोरं, खिडकीला गज नाहीत, आणि हे डोळे मिटून कविता म्हणत होते. मागच्या बाकावरचा, कान फुटल्यामुळे कापूस घातलेला एक मुलगा ओठ हलवत होता. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि तशीच परतले. माझा वर्ग असा कधी गप्प बसला नव्हता, हे मी ह्यांना सांगितलं नाही. नवऱ्याची स्तुती किती करावी याला काही मर्यादा असते.

आबासाहेबांसमोर होते रत्नपारखी सर, आधीचे आमदार. सज्जन माणूस, धोतर स्वच्छ, भाषण कंटाळवाणं. पगारी शिक्षकांची अडकलेली कामं ते स्वतः कचेरीत जाऊन सोडवत. विनाअनुदानित शिक्षक त्यांना बरीच वर्षं दिसलेच नव्हते. निवडणूक लागल्यावर दिसले, आणि ‘खाजगी संस्थांतल्या शिक्षकांना मान्यता मिळवून देणारच’ असं ते सभेसभेत सांगू लागले. तिसरे उभे राहिले साळवे सर. ह्यांच्याच शाळेत इतिहास शिकवायचे, ह्यांचे जिवलग मित्र. वडील गावकुसाबाहेर राहून दुसऱ्यांच्या शेतात राबले, पोराला मात्र बी.एड. केलं. साळवे सर बोलायला उभे राहिले की अंगावर काटा यायचा. बिनपगारी शिक्षक सगळे त्यांच्या मागे. ह्यांनी तर घरदार सोडून दिलं त्यांच्यासाठी. मालकाविरुद्ध उघड प्रचार! आबासाहेब निवडून आले तर ह्या दोघांची शाळा सुटणार आणि पडले तर नव्या आमदाराच्या धाकाने टिकणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सासऱ्यांनी दुकानात एक जास्तीची उशी आणून ठेवली होती. कोणासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

प्रचार सगळा हुरड्यावर चालला. आबासाहेबांच्या मळ्यात जीपगाड्यांची रांग, सतरंज्या, दह्याची वाडगी, वर बाटलीतलं गार रंगीत पेय. रत्नपारखी सरांचा हुरडा एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतात, तिथे भाषण आधी आणि कणसं नंतर, त्यामुळे गर्दी कमी. साळवे सरांना शेत नव्हतं. त्यांचा हुरडा आमच्या ओळखीच्यांच्या बांधावर झाला. प्रत्येकाने आपापली चटणी आणली होती. शिक्षक मात्र हुशार. तिन्हीकडे जाऊन आले आणि तिन्हीकडे म्हणाले, “आपलं ठरलेलं हाय.”

त्या बांधावर मी पहिल्यांदा तो नारा ऐकला. ‘एकच एक!’ मला आधी वाटलं, उत्साह आहे. मग लक्षात आलं, हे लोक खरंच फक्त एक लिहिणार आहेत. दोन लिहिणारच नाहीत.

आम्हा शिक्षकांचा स्वभाव यात आडवा येतो, असं मला नंतर वाटू लागलं. वर्षभर नंबर काढणं हाच आमचा धंदा. पहिल्याला टाळ्या, फळ्यावर नाव. दुसरा आला त्याचा बाप शाळेत येऊन विचारतो, “दोन मार्क कुटं गेले?” दुसरा नंबर म्हणजे थोडक्यात हुकलेला. अशा माणसांच्या हाती कागद देऊन सांगायचं की बाबा, अजून एकाला दोन दे, म्हणजे काहीतरी बेइमानी केल्यासारखं वाटणार. आमच्या स्टाफरूममध्ये पक्की समजूत होती की दोन लिहिला की एकाची ताकद कमी होते. मी फळ्यावर मांडून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घंटा झाली. आमच्या चित्रकलेच्या जुन्या सरांनी तर मतदान करून आल्यावर अभिमानाने सांगितलं होतं की त्यांनी शंभरपैकी मार्क दिले: साळवेंना सत्तर, रत्नपारखींना साठ आणि आबासाहेबांना पस्तीस, काठावर पास. त्यांचं मत अर्थातच बाद. आम्ही पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही.

मतदानाच्या आधीच्या रविवारी साळवे सर आमच्याकडे आले. दुपारची वेळ, दुकानामागच्या अंगणात मी शेपू निवडत होते. मी चहा दिला आणि विषय काढलाच.

“सर, एक सांगू का? सासूबाई ह्यांना बाजारात पाठवतात तेव्हा सांगतात, वांगी आण, वांगी नसली तर शेपू आण. शेपूचं नाव घेतलं म्हणून वांगी कमी मिळतात का? वांगी असली तर शेपूचा प्रश्नच येत नाही. पण शेपूचं नाव नाही घेतलं आणि वांगी संपली, तर हे रिकामी पिशवी घेऊन येतात.”

हे हसले. साळवे सर हसले नाहीत. बशीतला चहा त्यांनी परत कपात ओतला.

“वैनी, मला कळतंय. तुमी म्हन्ता, मी हारलो तर मतं रत्नपारखी सरांकडं जातील. आबासाहेब पडंल.”

“तेच तर!”

“रत्नपारखी सरांच्या घरी मी गेलतो. लई वर्षं झाली. मान्यतेचंच काम. मला ओट्यावर बसवलं. चहा आला, तो बी ओट्यावर. माज्यासंगं आलेले गुरुजी आत बसले.” ते थांबले. “ते वाईट मानूस न्हाईत. त्यांच्या ध्यानात बी नसंल. पन आमाला जन्मभर दुसरा नंबर दिला लोकांनी. माज्या मानसांच्या हातात पहिल्यांदा कागद आलाय, त्यावर त्यांनी कुनाला काय द्यावं हे मी कावून सांगू? मी म्हनालो, एक लिवा. दोन लिवा असं माज्या तोंडातून निघनार न्हाई.”

मी हातातली शेपू खाली ठेवली. उदाहरण चुकीचं नव्हतं, पण वांग्याला कोणी ओट्यावर बसवलेलं नसतं, हे मी मांडताना धरलंच नव्हतं. ह्यांच्याकडे बघितलं तर हे साळवे सरांकडे बघत होते. मला तेव्हाच कळलं की ह्यांच्याही कागदावर दोन येणार नाही.

“अहो, निदान तुम्ही तरी,” मी नंतर एकटं गाठून म्हणाले. “तुमचा तर पहिला नंबर साळवे सरच आहेत. दोन लिहिल्याने त्यांचं काय जातंय?”

“त्यांचं काय न्हाई जात,” हे म्हणाले. “माजं जातं.”

मतदानाला आम्ही एकाच एसटीने बीडला गेलो. खिडकीतून गार वारा येत होता, बाहेर ज्वारीची शेतं पिवळट दिसत होती. आत पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी तिथल्याच पेनाने एक, दोन, तीन लिहिले, घडी घातली, पेटीत टाकली. साळवे सर एक. रत्नपारखी सर दोन. हे माझ्या मागून गेले आणि लगेच बाहेर आले. एकच आकडा लिहायला वेळ तो किती लागणार! परतताना आम्ही शेंगा खाल्ल्या आणि पोरांच्या शाळेविषयी बोललो.

मतमोजणी तेव्हाच्या औरंगाबादला होती. हे आणि साळवे सर तिथे गेले होते. शेजारच्या एसटीडी बूथवर दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांचा फोन आला. “हारलो,” एवढंच बोलले. बूथवाल्याला बोलावल्याचे पैसे देऊन मी दुकानात परतले.

सविस्तर कळलं ते हे घरी आल्यावर, तेही तुकड्यातुकड्यांनी. निम्म्याच्या वर कोणीच गेलं नव्हतं. साळवे सर तिसरे. मग त्यांचा गठ्ठा सोडला. टेबलावर एकेक मतपत्रिका उलगडून अधिकारी बघत होते, साळवेंपुढे एक, आणि पुढे? पुढे काही नाही. बाजूला. पुढची. काही नाही. बाजूला. अधूनमधून एखादीवर दोन दिसायचा आणि ती कोणाकडेतरी जायची. बाकीच्यांना पुढे जायला वाटच नव्हती. बाजूचा ढीग वाढत गेला, मग त्याला सुतळी बांधली. त्या ढिगात हे आपली मतपत्रिका शोधत होते म्हणे, अक्षर ओळखू येईल म्हणून. मराठीचे शिक्षक, एकचं शेपूटही वळणदार काढायचे. शेवटी दोघंच उरले, आणि दोघांत ज्याची जास्त तो निवडून आला. आबासाहेबांची थोडीच जास्त होती. सुतळी बांधलेल्या ढिगातला लहानसा वाटा जरी पुढे सरकला असता तरी ते पडले असते. कोणी लबाडी केली नाही, कोणी पेटी पळवली नाही. सगळं अगदी नियमाने झालं, आणि हेच मला अजून सोसत नाही.

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी दोघांनाही दारातच सांगितलं की तुकड्या कमी झाल्यात. काढून टाकलं असंही म्हणता येईना. कागदावर जो कधी शिक्षक झालाच नाही त्याला काढणार कोण? हे सायकल हातात धरून घरी आले, हात धुतले आणि गादीवर त्या जास्तीच्या उशीला टेकून बसले. सासऱ्यांनी तराजू पुढे सरकवला. मला त्या वेळी सासऱ्यांचाही राग आला नाही, इतकी मी थकले होते.

साळवे सर अंबाजोगाईला गेले. तिथे शिकवण्या घेतल्या, जम बसवला. पुढे एकदाच आले आमच्याकडे, ह्याच दिवसांत. मी हुरडा पुढे ठेवला. त्यांनी मूठभर घेतला, फुंकर मारून कोंडा उडवला आणि म्हणाले, “वैनी, तुमचं गनित बरूबर होतं.” मला वाटलं, आता बरं वाटेल. पण ते पुढे म्हणाले, “पन त्या गनितात आमी कुटं होतो?”

मला दोन लिहिणं सोपं गेलं. माझी मान्यता झालेली होती, पगार महिन्याच्या महिन्याला येत होता, रत्नपारखी सरांनी मला आत खुर्चीवर बसवलं होतं. म्हणून मी चुकीची ठरते का? तसंही नाही. त्या कापूस घातलेल्या मुलाला पुढच्या वर्षी मराठी कोणी शिकवलं, देव जाणे. साळवे सरांचा मान राखला गेला आणि त्या पोराचा वर्ग गेला. ह्या दोन गोष्टी एका पारड्यात घालू की दोन पारड्यांत, हे मला इतकी वर्षं तराजूशेजारी राहूनही समजलेलं नाही.

मजा बघा. दोन न लिहिलेल्या ह्या माणसाने पुढचा सगळा जन्म गिऱ्हाइकाला दोन विचारण्यात घालवला. दुकानदाराचं दुसरं काम काय? गिऱ्हाईक एक मागतं, ते संपलेलं असतं. “ते न्हाई. हे देऊ का?” दिवसातून कितीदा म्हणत असतील! मी मागच्या खोलीत वह्या तपासत बसायची आणि प्रत्येक वेळी माझा लाल पेन थबकायचा. ह्यांच्या ते कधी लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही. त्या आकड्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नाही.

परवा संध्याकाळी एक तरुण शिक्षिका दुकानात आली. खांद्याला पिशवी, हातात पत्रकं. उमापूरकडच्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. एवढी वर्षं गेली, पण तो शब्द काही जात नाही. त्यांच्यातलाच एक जण उभा आहे. आबासाहेबांचा मुलगाही उभा आहे, ते ओघानेच आलं.

“मॅडम, आमच्या सरांना फक्त एक लिहा. दोन कुनालाच नका देऊ.”

माझं तोंड उघडायच्या आत हे बोलले. “बाई, तुला दुकानातून काय पायजे?”

ती गोंधळली. मग तिने एका चहापत्तीचं नाव घेतलं.

“ती न्हाई. ही देऊ का?”

“द्या.”

ह्यांनी पुडा पुढे ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही. “ही घेतलीस म्हनून तुजी पयली आवड खोटी झाली का?”

पोरगी हुशार निघाली. क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काका, चहाची गोष्ट येगळी हाय. चहापत्तीनं मला कचेरीबाहेर दिवसभर उभं न्हाई केलं.”

ह्यांनी हात काढला. पुडा पिशवीत घालून दिला, सुट्टे परत केले. ती गेल्यावर बराच वेळ गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यापलीकडे कोणीतरी हुरडा भाजत होतं, त्याचा धूर दुकानात येत होता. मी उठून दिवा लावला.

“साळव्यावानी बोलली,” हे म्हणाले.

“हो.”

“तिचं बी खरं हाय.”

“हो.”

मग ह्यांनी तराजूची पारडी उगाच फडक्याने पुसली. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू मत द्यायला जाशील तवा तुजा एक तुला द्यायचा त्याला दे. त्या पोरीच्या सरांना दे, न्हाई तर आनिक कुनाला. तुजी मर्जी.”

“आणि?”

“दोन माज्या नावानं लिही.” फडकं थांबलं. “तवाचा माजा राह्यलाय.”

कोणाला लिहू, एवढं तरी विचारायला हवं होतं, म्हणून विचारलं.

“कुनाला बी,” हे म्हणाले. “आबासाहेबाचं पोरगं सोडून.”